वीस गुणांपैकी

एप्रिलमध्ये खोली क्रमांक एकशे सातमध्ये
कूलर बोलतो, बाकी सगळे हातवारे करतात.
मी संवादकौशल्य शिकवते,
तासिका तत्त्वावर, अंबाझरीच्या जरा अलीकडे.
एकच पुस्तिका घेऊन
या इमारतीतून त्या इमारतीत जाते,
डोक्याला ओला दुपट्टा.
तक्त्यात चार रकाने :
नजरेला नजर, देहबोली, आत्मविश्वास, आशय.
प्रत्येकी पाच. बेरीज वीस.

इंजिनिअरिंगची पोरं गटचर्चेला अशी बसतात
जशी पानठेल्यावर उभी आहेत.
विषय दिला, शहरातली मेट्रो.
तिघं एकदम सुरू झाले.
चौथा, शंतनू हेडाऊ, म्हणाला,
"मॅडम, मी याच्याशी सहमत आहे."
कोणाशी रे?
"जो जिंकून राहिला त्याच्याशी."
आशयाचे पाचही गुण मी त्याला देऊन टाकले.

फार्मसीवाले लेबलवर मावेल तेवढंच बोलतात.
विधी शाखेची समीक्षा रामटेके
'नमस्कार'लासुद्धा हरकत घेते.
तिचं 'पण' वर्गात आधी येतं, मागून ती.
वडील कोर्टासमोर टायपिंग करतात,
दिवसभर दुसऱ्यांचे अर्ज :
महोदय, सविनय, कृपा व्हावी.
एकदा म्हणाली, "आमच्या घरातला विनंतीचा कोटा
बाबांनीच संपवलाय, मॅडम."

कृषीचा भूषण कोडापे
धानोऱ्याच्याही पुढून आलाय.
घरी गोंडी, बाजारात हिंदी, शाळेत मराठी,
इथं आम्ही त्याला इंग्रजीत उभं करतो.
वाक्याआधी तो थांबतो,
चार फाटकं उघडून यावं लागतं त्याला,
आणि येताना प्रत्येक लावूनही घेतो,
ढोरं शिरू नयेत म्हणून.
पुस्तिकेत लिहिलंय :
तीन सेकंदांहून जास्त विराम, एक गुण वजा.
मी वजा केला.
रात्री घरी परत जोडला.
तिथला कागद खोडरबरानं पातळ झालाय.

नर्सिंगच्या लॅबमध्ये मी गेले ती
हजेरीपट मागायला.
टेबलावर एक रबरी हात,
खांद्यापाशीच संपलेला,
ना तोंड, ना कान.
पवनीची मोनल हटवार सुई उचलते
आणि त्या हाताला सांगते,
"बाबाजी, थोडसं दुखन हं. आता टोचून राहिली."
मग थांबते.
खरंच थांबते, तो 'हो' म्हणेपर्यंत.
हीच मुलगी माझ्या तासाला
मागच्या बाकावर असते,
स्वतःचं नाव सांगताना तिचा आवाज
आडनावापर्यंत पोचत नाही.
मागच्याच आठवड्यात वीसपैकी सात दिले होते मी.
तक्ता पिशवीत होता. काढला नाही.
हजेरीपटही तिथंच राहिला.

गुरुवारी लेखा विभागाची खिडकी.
चार महिन्यांचं मानधन अडलंय.
जिना चढताना वाक्य घोकलं होतं,
पुस्तिकेतल्या पान नऊप्रमाणे :
आधी आभार, मग मुद्दा, शेवटी तारीख.
काचेला खाली अर्धगोल भोक.
वाकलं की खानोरकर बाबूंचा
शर्टाचा खिसा दिसतो, त्यात दोन पेनं.
नजर कुठं मिळवायची?
मी म्हटलं, सर, ते जरा माझं...
खिसा हलला. हो की नाही, कळेना.
सर, बघा ना, जमलं तर, म्हणजे घाई नाही...

मागे रांगेत शिष्यवृत्तीचा कागद घेऊन
कोडापे उभा होता.
तो थांबला. किती सेकंद, मोजले नाहीत.
मग माझ्या खांद्यामागून, हळूच,
"मॅडम, त्याईले ऐकू नाही येऊन राहिलं.
जोरानं बोला. कूलर चालू आहे."